कुलवृत्तान्ताबाहेरचा पूर्वज

कादंबरी, नाटक, काव्य आणि चरित्र या ग्रंथप्रकारांची परीक्षणे आपल्याकडे विपुल होतात. परंतु मध्यम वर्गातील कित्येक घरांच्या कपाटांत जो एक जाडजूड ग्रंथ हटकून आढळतो, आणि घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी जो इतर पुष्कळ ग्रंथांपेक्षा अधिक वेळा उघडलेला असतो, त्या कुलवृत्तान्ताचे वाङ्मयदृष्ट्या परीक्षण मात्र क्वचितच होते. तो घरचा ग्रंथ आहे, त्यात नातेवाइकांची नावे आहेत, त्यावर परक्याने काय बोलावयाचे, अशी समजूत याच्या मुळाशी असावी. ही समजूत आम्हांस बरोबर वाटत नाही. होऊन गेलेल्या माणसांविषयी खरे तेच सांगतो अशी जो ग्रंथ प्रतिज्ञा करतो, तो इतिहास आणि चरित्र या दोन्हींच्या पंक्तीस बसू पाहतो. आणि जो त्या पंक्तीस बसू पाहतो, त्याला तेथील नियमही लागू झालेच पाहिजेत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रकार महाराष्ट्रात विशेष बहरला. गोखले, आपटे, बापट, कर्वे, साठे अशा अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त सिद्ध झाले. त्यांची मांडणी सामान्यतः ठराविक असते. आरंभी गोत्र, प्रवर, कुलदैवत आणि मूळ गाव. त्यानंतर घराण्याच्या शाखा. आणि मग पिढीवार एकेका पुरुषाची नोंद. त्या नोंदीत बापाचे नाव, शिक्षण, नोकरी अथवा व्यवसाय, विवाह, अपत्ये आणि मृत्यूचे वर्ष इतका मजकूर चार ओळींत बसविलेला असतो. यामागील परिश्रम खरोखर वंदनीय आहेत. कोणा निवृत्त शिक्षकाने किंवा पेन्शनर कारकुनाने गावोगाव पत्रे पाठवावी, न आलेल्या उत्तरांसाठी पुन्हा पुन्हा लिहावे, तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांच्या वह्या चाळाव्या, देवघरातील जुनी बाडे सोडवावी आणि वीस-वीस वर्षांनी ग्रंथ छापावा, हे काम कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीवाचून झालेले संशोधनच होय. हल्ली संगणकाच्या साह्याने वंशवृक्ष मांडणे सोपे झाले आहे, आणि जुन्या ग्रंथांत नव्या पिढ्यांची भर घालण्याचा उत्साहही दिसतो. तेव्हा हा प्रकार संपलेला नसून चालू आहे. म्हणूनच त्याच्या गुणदोषांचा विचार करणे हा केवळ गतकालाचा उद्योग नव्हे.

वंशावळ आणि कुलवृत्तान्त यांत एक भेद आहे, तो येथेच सांगितला पाहिजे. वंशावळ म्हणजे नावांची परंपरा. ती बहुधा वतनाच्या किंवा वारसाच्या तंट्यात पुराव्यासाठी लिहिली जाई. तिचे काम हक्क सिद्ध करणे एवढेच असे. ज्याचा हक्काशी संबंध नाही, तो निपुत्रिक काका, परागंदा झालेला भाऊ किंवा विवाह होऊन गेलेली कन्या तिच्यातून सहज गळून जात असे. कुलवृत्तान्ताची प्रतिज्ञा याहून मोठी आहे. ‘वृत्तान्त’ या शब्दातच काय घडले ते सांगण्याचे आश्वासन आहे. हे आश्वासन तो कितपत पाळतो, हाच परीक्षणाचा खरा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर एखाद्या अशा पूर्वजाची कसोटी घ्यावी, की ज्याचे कुळ, ज्याचे काम आणि ज्याचा मृत्यू या तिन्ही गोष्टी कुळाबाहेरच्या कागदांतही नमूद आहेत.

नागपुरात असा पूर्वज शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. पहिल्या रघूजी भोसल्याचा कारभारी आणि सेनानायक भास्करराम कोल्हटकर हा तो पुरुष. नागपूरच्या राज्याच्या उभारणीच्या काळातच त्याने बंगालवर स्वाऱ्या केल्या, आणि १७४४ मध्ये तेथेच तो मारला गेला. मराठ्यांच्या इतिहासात त्याला दोन-चार परिच्छेदांपलीकडे जागा नाही. बंगालच्या इतिहासात मात्र तो एका संपूर्ण काव्यखंडाचा नायक म्हणा की खलनायक म्हणा, होऊन बसला आहे. ज्याला घरच्यांपेक्षा परक्यांनी अधिक लक्षात ठेवले, असा हा पूर्वज आहे.

प्रथम कुळाचा विचार करू. ‘भास्कर राम’ या नावातच त्याच्या बापाचे नाव आहे. अठराव्या शतकातील मराठी कागदांत स्वतःच्या नावापुढे बापाचे नाव जोडण्याची रीत सार्वत्रिक होती, आणि पुष्कळदा आडनाव मुळीच लिहिले जात नसे. बाळाजी विश्वनाथ, रामचंद्र नीळकंठ, महादाजी गोविंद ही नावे या रीतीची सर्वपरिचित उदाहरणे होत. वंशशोधकाला ही रीत मोठी उपकारक आहे, कारण एका नावात दोन पिढ्या हाती लागतात. परंतु ती तितकीच फसवीही आहे, कारण आडनावावाचून एका नावाचे दोन पुरुष सहज एक होऊन जातात. पुढे भास्करराम बंगालच्या कागदांत शिरतो तेव्हा त्याचे नावच पालटते. तेथे तो भास्कर पंडित होतो. फारसी तवारिखांत आणि बंगाली काव्यात याच नावाने तो वावरतो. जो शोधक केवळ ‘कोल्हटकर’ हे आडनाव हाती घेऊन निघेल, त्याला आपल्या पूर्वजाचा मोठ्यात मोठा पुरावा दिसणारच नाही. कारण त्या पुराव्यात हे आडनावच नाही. घराण्याच्या नावाने घराण्याचा माणूस सापडतो ही कुलवृत्तान्ताची पहिली श्रद्धा येथेच डळमळते.

आता कामाकडे वळू. कुलवृत्तान्ताच्या रीतीने लिहावयाचे तर भास्कररामाची नोंद अशी होईल: नागपूरकर भोसल्यांचे दिवाण, बंगालवर स्वाऱ्या केल्या, तेथे विश्वासघाताने मारले गेले. या तीन वाक्यांत खोटे असे काहीच नाही. परंतु ‘स्वाऱ्या केल्या’ या दोन शब्दांत काय काय दडले आहे ते पाहिले, म्हणजे खरे सांगूनही किती न सांगता येते, हे ध्यानात येते.

गोंड राजा चांद सुलतान याच्या मृत्यूनंतर देवगडच्या गादीच्या वारसाविषयी तंटा लागला. त्यात हात घालून रघूजीने नागपूर प्रांतात आपला पाय रोवला. पश्चिमेस पेशव्यांचे आणि दक्षिणेस निजामाचे बळ असल्यामुळे त्याच्या महत्त्वाकांक्षेला पूर्वेची वाट मोकळी दिसत होती. बंगाल, बिहार व ओरिसा हे सुभे तेव्हा अलिवर्दीखानाच्या ताब्यात होते, आणि त्याने स्वतः १७४० मध्ये आपल्या धन्याचा वंश बाजूला सारून ती गादी बळकावलेली होती. चौथाईची मागणी हे निमित्त घेऊन १७४२ च्या आरंभी भास्करराम निघाला, आणि पाचेटच्या बाजूने बंगालात उतरून एप्रिल महिन्यात बरद्वानजवळ त्याने अलिवर्दीच्या फौजेला वेढले. अलिवर्दी लढत लढत कटव्याकडे निसटला. मे महिन्यात मराठी घोडदळ मुर्शिदाबादेवर जाऊन पडले आणि जगत्शेठाची पेढी लुटली गेली. मीर हबीब नावाचा एक इराणी सरदार भास्कररामाला येऊन मिळाला. देशाची आणि दरबाराची खडान्‌खडा माहिती असलेला तो माणूस या स्वारीचा डोळा झाला. हुगळी हस्तगत झाली, गंगेच्या पश्चिमेचा मुलूख मराठ्यांच्या हाती गेला, आणि कटवा हे भास्कररामाचे मुख्य ठाणे झाले. कलकत्त्याच्या इंग्रज व्यापाऱ्यांना इतकी धास्ती बसली की, शहराभोवती खंदक खणण्याचे काम सुरू करण्यात आले. तो पुरा झाला नाही आणि पुढे बुजविलाही गेला. परंतु मराठा खंदकाचे नाव कलकत्त्याच्या बागबाजार भागातील एका गल्लीला चिकटून राहिले आहे. नागपूरच्या एका कारभाऱ्याच्या चाकरीची ही खूण नागपुरात नसून तेथून हजारांहून अधिक किलोमीटर दूर कलकत्त्यात आहे, हे मोठे अर्थपूर्ण होय.

या चाकरीची दुसरी खूण एका शब्दात आहे. बारगीर हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार, हा भेद आपण शाळेतच शिकतो. आपल्या बखरींत आणि कागदांत बारगीर हा साधा पोटार्थी शिपाई आहे. तोच शब्द बंगालात ‘बर्गी’ होऊन गेला, आणि तेथे त्याचा अर्थ घरे जाळणारा, धान्य लुटणारा, बायकामुलांस पळावयास लावणारा, असा झाला. रडणाऱ्या मुलाला गप्प करून निजविण्याच्या अंगाईतही बंगाली आईने त्याचे नाव घातले. एकच शब्द एका भाषेत नोकरीचा दर्जा सांगतो आणि दुसरीत भीती सांगतो. आमच्या मते भास्कररामाच्या कामाविषयी याहून अचूक साक्ष कोणत्याही सनदेत मिळणार नाही.

ही साक्ष विस्ताराने ज्याने लिहून ठेवली तो गंगाराम नावाचा बंगाली कवी. त्याच्या काव्याचे नाव, कोणाही मराठी वाचकास चकित करील असे, ‘महाराष्ट्र पुराण’ आहे. पूर्व बंगालातील मैमनसिंग जिल्ह्यात त्याची हस्तलिखित पोथी सापडली. तिच्यावर बंगाली सन ११५८, म्हणजे इसवी सन १७५१ चा काळ आहे. भास्कररामाच्या मृत्यूला तेव्हा सातआठ वर्षेच झाली होती. उपलब्ध आहे ते पहिलेच कांड, आणि त्याचे नाव ‘भास्कर पराभव’. एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. वाङ्मय म्हणून पाहता हे काव्य थोर नाही. त्याची रचना ओबडधोबड आहे आणि पुराणाचा साज अंगावर नीट बसलेला नाही. पृथ्वीला पापाचा भार झाला म्हणून देवांनी शाहू राजाला प्रेरणा केली, अशा कल्पनेने ते सुरू होते. म्हणजे मराठ्यांची स्वारी ही आरंभी ईश्वरी शिक्षा म्हणून कवीने मान्य केली आहे. परंतु पुढे तो डोळ्यांदेखतच्या गोष्टी सांगू लागतो, तेव्हा पुराण मागे पडते. कोण काय घेऊन पळाले, याची त्याने दिलेली हकीकत विलक्षण आहे: पंडित पोथ्या घेऊन, सोनार काटा-वजने घेऊन, कोळी जाळी घेऊन. मग जाळलेल्या गावांच्या नावांची लांबच लांब यादी येते. ब्राह्मणांची आणि स्त्रियांची विटंबना पाहून देवीच भास्करावर कोपते आणि त्याच्या पक्षाचा त्याग करते. ज्याला देवाने पाठविले त्यालाच देवीने टाकले, हा या काव्याचा कणा आहे, आणि त्यात एका सामान्य कवीची न्यायबुद्धी दिसून येते. त्याच सुमारास बरद्वानच्या दरबारचा पंडित बाणेश्वर विद्यालंकार याने ‘चित्रचंपू’ या संस्कृत ग्रंथात या स्वारीचे वर्णन केले, तेही याच वळणाचे आहे. अर्थात हे दोघे आक्रमण सोसलेल्या पक्षाचे लोक होते, त्यांच्या शब्दांत अतिशयोक्ती असणार, हे गृहीत धरलेच पाहिजे. परंतु एक मुसलमान सुभेदाराचा पक्षपाती नव्हे, तर हिंदू कवी. दुसरा तर वैदिक परंपरेचा पंडित. आणि दोघांचे म्हणणे एकच, तेव्हा ते केवळ शत्रूचा कांगावा म्हणून झटकून टाकता येत नाही.

याच बंगालात भास्कररामाने केलेली दुर्गापूजा प्रसिद्ध आहे. १७४२ च्या नवरात्रात कटव्याच्या ठाण्याजवळ त्याने थाटाने देवीची पूजा मांडली. पूजा चालू असतानाच अलिवर्दीच्या फौजेने नदी ओलांडून पहाटे छापा घातला, आणि पूजा अर्धी टाकून भास्कररामाला निघावे लागले. इतिहासग्रंथांत या छाप्याची तारीख २७ सप्टेंबर १७४२ अशी मिळते. कुलवृत्तान्त लिहिणारांनी येथे थोडे थांबावे. आजच्या कालगणनेने त्या वर्षी २७ सप्टेंबरला नवरात्र नसून पितृपक्ष होता. आश्विन शुद्ध नवमी ऑक्टोबरच्या आठ तारखेच्या सुमारास येते. याचा उलगडा असा की, इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी कालगणना चालविली होती आणि ती अकरा दिवसांनी मागे होती. ती रीत धरली म्हणजे तिथी व तारीख बरोबर जुळतात. शिवाय मराठी कागदांत शुहूर सन येतो, तो मृगाच्या आरंभी पालटतो. फसली निराळा, शालिवाहन शक निराळा, तवारिखांतील हिजरी निराळा, आणि बंगाली सन त्याहून निराळा. भास्कररामाच्या मृत्यूचे वर्ष मराठी कारकून ११४४ लिहील, फारसी मुनशी ११५७ लिहील आणि पंचांगकर्ता शके १६६६ म्हणेल. तिघेही बरोबर असतील. जो वंशशोधक हे न पाहता आकडे उतरून घेतो, त्याच्या ग्रंथात एकाच पूर्वजाला तीन मृत्यू येण्याचा संभव आहे.

आता त्या मृत्यूकडे येऊ. १७४३ मध्ये रघूजी स्वतः बंगालात आला, आणि त्याच्या पाठोपाठ पेशवा बाळाजी बाजीरावही आला. पण तो अलिवर्दीच्या साह्याला! पेशव्याने पैसे घेऊन रघूजीला हुसकून लावले. पुढे साताऱ्यास शाहू महाराजांनी दोघांत समेट घडवून पूर्वेकडचा प्रदेश रघूजीच्या वाट्याला दिला. त्या समेटाच्या बळावर १७४४ च्या वसंतात भास्करराम पुन्हा बंगालात उतरला. अलिवर्दीचा खजिना रिता झाला होता, आणि फौज थकली होती. तेव्हा त्याने तलवार ठेवून कपट उचलले. राजा जानकीराम आणि अफगाण सरदार मुस्तफाखान हे मध्यस्थ होऊन गेले. शपथा झाल्या. चौथाईचा प्रश्न समक्ष भेटीत सोडवू असे ठरले. ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे उभारलेल्या तंबूत भास्करराम आपल्या वीसएक सरदारांसह गेला, आणि दबा धरून बसलेल्या लोकांनी त्या सर्वांस कापून काढले. मागे छावणीत राहिलेला रघूजी गायकवाड तेवढा फौज घेऊन सुटला. मुस्तफाखानाला या कामाचे मोल म्हणून बिहारच्या सुभ्याची आशा दाखविली होती. ती पुरी न झाल्यामुळे पुढच्याच वर्षी तो बंड करून उठला आणि मारला गेला. इकडे रघूजीने भास्कररामाचा सूड म्हणून १७४५ पासून पुन्हा स्वाऱ्या चालू केल्या. अखेर १७५१ च्या तहाने अलिवर्दीने सालिना बारा लाख रुपये चौथाई कबूल केली आणि ओरिसा भोसल्यांच्या हाती गेला. ज्यासाठी भास्करराम गेला ते रघूजीला सात वर्षांनी मिळाले. आणि मधल्या सात वर्षांची किंमत बंगालच्या खेड्यांनी दिली.

हा सर्व वृत्तान्त समोर ठेवला म्हणजे ‘विश्वासघाताने मारले गेले’ या वाक्याचे खरे स्वरूप कळते. ते सत्य आहे. मानकऱ्याचे कृत्य विश्वासघाताचेच होते, आणि अलिवर्दीचा आप्त असलेल्या गुलाम हुसेनखानाने आपल्या ‘सियर-उल-मुताखरीन’ या तवारिखेत ते लपविलेले नाही. परंतु कुळाचे सत्य तंबूच्या दारापासून सुरू होते. तंबूत जाण्यापूर्वीची दोन वर्षे त्यात नाहीत. उलट गंगारामाचे सत्य त्या दोन वर्षांनी भरलेले आहे, आणि तंबूतील कपट त्याला देवीच्या न्यायासारखे दिसते. यांपैकी एक सत्य निवडावे आणि दुसरे टाकावे, असा प्रश्नच नाही. ज्या माणसावर अन्याय झाला त्याने अन्याय केलाही असेल. आणि ज्याने अन्याय केला त्याच्यावर झालेला अन्याय त्यामुळे न्याय ठरत नाही. इतकी साधी गोष्ट सांगण्यासाठी दोन्हीकडचे कागद एका ठिकाणी आणावे लागतात, आणि ते आणण्याचे धैर्य कुलवृत्तान्ताच्या रीतीत नाही, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

असे म्हटले जाईल की, कुलवृत्तान्त हा इतिहास नव्हे. पूर्वजांविषयी आदर जागविणे हे त्याचे प्रयोजन, आणि आदराच्या जागी उलटतपासणी कशाला? आम्ही हा युक्तिवाद हसण्यावारी नेत नाही. पूर्वजांविषयी आदर हा आपल्या कुटुंबजीवनाचा मोठा आधार आहे. परंतु आदर म्हणजे विस्मृती नव्हे, हे आपल्या श्राद्धविधीनेच आपल्याला शिकविले आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीला पंचांगात ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे छापलेले असते. शस्त्राने, अपघाताने ज्यांना मृत्यू आला त्यांच्यासाठी हा दिवस राखलेला आहे. म्हणजे आपला पूर्वज कसा गेला, हे आपल्या धर्मशास्त्राने झाकून ठेवले नाही. त्यासाठी निराळी तिथीच नेमली. जे घर पिढ्यान् पिढ्या त्या दिवशी श्राद्ध करीत आले, त्या घराने कोठल्याही कागदावाचून एका मृत्यूची जात लक्षात ठेवली. तसेच श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचीही नावे घेतली जातात. वंशवृक्षाच्या चित्रात ज्या स्त्रियांना फांदी नाही, त्यांना श्राद्धाच्या मंत्रात आसन आहे. छापील कुलवृत्तान्त हा परंपरेचा अभिमान सांगतो, आणि परंपरेइतकाही उदार होत नाही, हे दुर्दैव होय.

येथे दुसऱ्याही एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. कुलवृत्तान्त निघाले ते बहुतांशी अशा घराण्यांचे, की ज्यांच्यापाशी सनदा, वतने आणि लिहिता येणारी माणसे होती. नागपुरात तर भोसल्यांच्या काळापासून कोष्ट्यांचे माग चालत आले. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आता बंद पडलेल्या त्या गिरणीत पिढ्यान् पिढ्यांनी आयुष्ये घालविली. या घरांचे कुलवृत्तान्त कोणी छापले नाहीत. मात्र त्यांच्या पूर्वजांची नोंद अगदीच नाही असे नव्हे. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांत-वऱ्हाडातील गावोगावी कोतवालाकडे जन्ममृत्यूची नोंदवही असे. तीत तारीख, बापाचे नाव, जात, आणि मृत्यू असेल तर त्याचे कारण, इतके असे. ताप, पटकी, देवी असे एका शब्दाचे ते कारण. आज विदर्भातील कित्येक कुटुंबे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी याच कोतवाल बुकाची नक्कल मिळवीत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत असतात; अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. पणजोबाचे नाव, त्याच्या शाळेचा दाखला, आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंतची प्रतिज्ञापत्रावर लिहिलेली वंशावळ, यांवर मुलीचा वैद्यकीय शाळेतील प्रवेश अवलंबून असतो. कोणा घरी वंशावळ ही कपाटातील शोभा असते, आणि कोणा घरी ती पोटापाण्याचा प्रश्न असते. वंशशोध हा विरंगुळ्याचा विषय आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी हे दुसरे घरही पाहावे.

आणि गंमत अशी की, त्या गरीब नोंदवहीत एक गुण आहे, जो पुष्कळशा श्रीमंत कुलवृत्तान्तांत नाही. कोतवालाला मृताची स्तुती करावयाची नव्हती. पटकीने मेला, तर त्याने पटकी लिहिली. त्याच्या एका शब्दावरून त्या वर्षी त्या गावात साथ होती काय, एकाच घरातून चार दिवसांत किती गेले, मागे राहिलेल्यांनी गाव कधी सोडला, हे जोडून काढता येते. ज्याला लपवावयाचे काही नाही त्याचा शब्द थोडा असला तरी भरवशाचा असतो. उलट ‘दीर्घ आजाराने’, ‘अकस्मात’, ‘परगावी’ असे जे सभ्य शब्द कुलवृत्तान्तात आढळतात, त्यांच्या मागे पुष्कळदा एक आख्खे आयुष्य दडलेले असते.

मग चांगला कुलवृत्तान्त कसा असावा? आमच्या मते तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रत्येक विधानामागे ते कशावरून केले हे सांगावे. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणावे, आणि तारीख कोणत्या गणनेची ते लिहावे. दुसरी, पुरुषांइतक्याच तपशिलाने स्त्रियांची नोंद असावी. माहेर, सासर, आणि तिने स्वतः काय केले. तिसरी, आणि सर्वांत अवघड, ही की पूर्वजाचे काम ज्यांच्यावर घडले त्यांचीही साक्ष घ्यावी. सावकाराच्या वंशजाने कुळांचे कागद पाहावे, मामलेदाराच्या वंशजाने रयतेचे अर्ज वाचावे, आणि भास्कररामाच्या अनुयायांच्या वंशजांनी गंगारामाचे काव्य वाचावे. यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ मध्ये निघाला. तेव्हापासून नागपूरकरांना आपल्या राज्याची हकीकत आपल्या भाषेत वाचावयास मिळते. परंतु ‘महाराष्ट्र पुराणा’ची सटीप मराठी आवृत्ती घरोघरी असावी तशी नाही. ज्या काव्याच्या नावातच आपला देश आहे, ते आपल्यापैकी किती थोड्यांनी उघडून पाहिले आहे!

पूर्वज हा आपण निवडलेला नसतो. त्याच्या पराक्रमाचे श्रेय आपले नाही आणि त्याच्या अपराधाचा दोषही आपला नाही. म्हणूनच त्याच्याविषयी खरे सांगण्यास वंशजाइतका मोकळा दुसरा कोणी नाही. फक्त ते मोकळेपण त्याने ओळखले पाहिजे. भास्कररामाला देवीची पूजा अर्धी टाकावी लागली याचे दुःख ज्याला होते, त्यानेच, ज्यांना आपली घरे टाकावी लागली त्यांच्या गावांची यादीही वाचावी. ती दोन्ही दुःखे ज्या कुलवृत्तान्तात एका पानावर येतील, तो घराण्याच्या कपाटातून निघून वाङ्मयाच्या दालनात हक्काने जाऊन बसेल.